खिशातले बटण

हललेले छायाचित्र म्हणजे नेमके काय, हे मी शनिवारच्या छंदवर्गात फळ्यावर आकृती काढून समजावीत असे. शटर उघडे असते तेवढ्या अल्पशा काळात कॅमेरा जागचा सरकला, तर समोरच्या प्रत्येक बिंदूची एक बारीक रेघ होते. बिंदूंच्या अशा रेघा झाल्या की डोळ्याला सगळे चित्र धूसर दिसते. म्हणून कोपरे छातीशी टेकवावेत, श्वास अर्धा सोडून थांबावे आणि बटणावर बोट आपटू नये, त्याचे वजन हळूहळू वाढवीत न्यावे. माझा खरा विषय गणित. भिलाईतल्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, एका शाळेत मी तो निवृत्तीपर्यंत शिकवला. पण विद्यार्थी मला ओळखत ते कंपासाशिवाय फळ्यावर काढलेल्या वर्तुळासाठी आणि न हललेल्या छायाचित्रांसाठी. दोन्ही कामे एकाच हाताची होती.

निवृत्तीनंतर हा हात थरथरू लागला. प्रथम मी लेन्सला दोष दिला, मग संध्याकाळच्या उजेडाला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की घाबरण्यासारखा हा आजार नाही. हात मांडीवर टेकलेला असेल तर शांत राहील. काही उचलायला किंवा धरायला गेला की थरथरेल, आणि मनावर ताण आला की अधिक. मी घाबरलो नव्हतोच. मला लाज वाटत होती. भीती निदान दुसऱ्याला सांगता येते. लाज सांगायची म्हणजे ती दुसऱ्यांदा भोगायची. म्हणून डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो आणि घरी सांगितले, की चष्म्याचा नंबर तपासून आलो.

त्याच सुमारास आमच्याकडे चहा अर्धा कप येऊ लागला. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणालोही, "आमच्या घरी हल्ली हात जरा आखडता आहे." पाहुणे हसले. पत्नी रिकामे कप घेऊन आत गेली.

सेक्टर १० मधल्या आमच्या गल्लीची एक रीत आहे. प्लांटमधून निवृत्त होऊन कोणी क्वार्टर सोडू लागला, की किल्ली परत करण्याआधीच्या रविवारी सगळी गल्ली त्या क्वार्टरसमोर उभी राहते आणि एक छायाचित्र काढले जाते. ते चौकटीत बसवून जाणाऱ्या कुटुंबाला द्यायचे आणि त्यांनी ते नव्या घराच्या बैठकीत लावायचे. क्वार्टर कोणाचेच नसते. आयुष्य तिथे गेले याचा घरात दिसणारा पुरावा म्हणजे तेवढीच एक चौकट. आमचे क्वार्टर लीजवर घेतलेले असल्यामुळे आम्ही हललो नाही. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यामागे मी उभा असे. भंडारा, गोंदिया, तुमसर आणि इथल्या नेहरू नगरमधल्या कितीतरी भिंतींवर माझी छायाचित्रे आहेत आणि त्यांपैकी एकाही छायाचित्रात मी नाही. याचे मला कधी वाईट वाटले नव्हते. कॅमेऱ्यामागची जागा हा माझा मान होता.

यंदा शेजारचे क्वार्टर रिकामे व्हायचे होते. शेजारी भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी इकडे आले ते प्लांटच्या रेल मिलमधूनच निवृत्त झाले. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात. आमच्या दोन अंगणांमध्ये फक्त कुंपणाची तार होती आणि त्यांच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा निम्म्या आमच्या बाजूला पडत.

"सर, झाड आलं पाह्यजे फोटोत," ते मला आधीच सांगून गेले. "घर तं देऊन टाकू. झाड कोणाच्या हवाली करू?"

मी होकार दिला आणि त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना. प्रश्न साधा होता. कॅमेरा माझ्या हातात सगळ्यांच्या देखत थरथरला, तर गल्लीला कळणार. मग कोणीतरी आदराने तो माझ्या हातातून काढून घेणार. तो आदर मला नको होता.

तिपाईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, कॅमेरा ठेवला तर अर्धे काम होते, पण बटणाला बोट लावताच तिपाईवरचा कॅमेराही हलतो. कॅमेऱ्यातला टायमर वापरावा, तर तो ठरल्या वेळी सुटतो. समोर कोणाचे डोळे मिटले आहेत याची त्याला पर्वा नसते. शिवाय तो लावण्यासाठीही सगळ्यांसमोर हात वर न्यावाच लागतो. म्हणून मी बिनतारी रिमोट मागवला.

"हे काय आणलं आता?" पार्सल उघडताना पत्नीने विचारले.

"दुरून फोटो काढायचे बटण. म्हणजे मलाही फोटोत उभे राहता येईल."

"इतक्या वर्षांत तं कधी सुचलं नाही तुमाले. आताच कावून?"

"आता वय झाले. मागे आठवण राहील."

तिने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या सुपाकडे पाहिले. "बरं," म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

पहिला रिमोट उपयोगी पडला नाही. असे रिमोट दोन प्रकारचे असतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. एक प्रकार टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो. त्याचे तोंड कॅमेऱ्याच्या दर्शनी भागाकडे धरावे लागते आणि मध्ये काही आड आलेले त्याला चालत नाही. अंगणात तिपाई मांडून मी सदऱ्याच्या खिशातून बटण दाबत राहिलो आणि कॅमेरा ढिम्म राहिला. हात बाहेर काढला की तो चाले. पण हात बाहेर काढायचा नाही, यासाठीच तर ही खटपट होती. दुसरा प्रकार रेडिओ लहरींवर चालतो. त्याचा छोटा रिसीव्हर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसतो, एक आखूड वायर कॅमेऱ्याला जोडतात आणि बटण मग खिशातूनही चालते. पहिला परत केला, दुसरा मागवला.

त्यातही एक अडचण होती. बटण अर्धे दाबले की कॅमेरा फोकस साधतो आणि पूर्ण दाबले की शटर सुटते. माझा अंगठा अर्ध्यावर थांबत नसे. उपाय म्हणून फोकस आधीच साधून लेन्सची कळ मॅन्युअलवर, म्हणजे हाताने करायच्या फोकसवर, ठेवायची, म्हणजे बटणाला एकच काम उरते. अंगणात मुनग्याच्या खोडाचे चित्र सुरेख, काटेकोर आले. मी समाधानाने कॅमेरा पुसून ठेवला. बटण फार हलके आहे हे माझ्या लक्षात आले होते, पण अंगणात मी एकटा होतो आणि हात शांत होता. ज्या परिस्थितीत उपकरण वापरायचे, त्याच परिस्थितीत ते तपासावे, हा नियम मी किती वर्गांना सांगितला असेल.

रविवारी उन्हे उतरल्यावर गल्ली जमली. सामान अर्धे मेटाडोरमध्ये चढले होते. दारावरची नावाची पाटी काढलेली होती आणि तिच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. तिपाई, फोकस, कळ हे सगळे मी लोक येण्याआधीच उरकून घेतले होते. भाऊ आणि त्यांच्या पत्नी यांच्यासाठी मध्यभागी खुर्च्या, बाकीचे उभे. माझी जागा मी ठरवली होती, मागच्या ओळीचे शेवटचे टोक, जिथे माझा हात कोणाच्या तरी खांद्याआड जाईल.

"आज सर पण फोटोत हायत," भाऊंच्या थोरल्या मुलाने जाहीर केले. तो हथखोजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मराठी घरापुरती बोलतो आणि तीही हिंदीत मिसळून. "टेक्नॉलॉजी आ गई है काका के पास!"

टाळ्या वाजल्या. खरोखरच वाजल्या. इतक्या वर्षांचे शेजारी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. कोणी म्हणाले, "आता कुठं गल्ली पुरी झाली." मी मागच्या टोकाकडे निघालो होतो, तर भाऊ खुर्चीवरून उठले.

"तिकडं कुठं चालले जी? इथं या. माह्या बाजूले."

"मी मागे बरा आहे, भाऊ."

"कावून मांगं? जिंदगीभर मांगंच होते तुमी, कॅमेऱ्याच्या. वहिनी, आना बरं यायले पुढं."

पत्नीने मला पुढे आणले. भाऊंच्या खुर्चीला लागून मी उभा राहिलो आणि माझ्या उजवीकडे ती. उजवा हात मी सदऱ्याच्या बाजूच्या खिशात घातला. अंगठा बटणावर ठेवला. हात शांत होता. सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे होते, कोणी मला पाहत नव्हते. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सर्व काही सुरळीत व्हायला हवे होते.

तेवढ्यात भाऊंनी हात वर करून माझ्या पाठीवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुमी कोणाच्याच फोटोत आले नाही. माह्या फोटोत आले. मले लय बरं वाटलं."

त्यांच्या आवाजात काय होते ते मी लिहू शकत नाही. मला इतकेच कळले, की हा माणूस माझे आभार मानतो आहे आणि ज्या गोष्टीसाठी मानतो आहे ती घडलेलीच नाही. खिशातला हात थरथरू लागला.

मी बटण दाबले. एकदाच दाबले असे मला वाटत होते. पण अंगठा त्या हलक्या बटणावर नाचत होता आणि प्रत्येक थरथरीला कॅमेरा इमानाने उत्तर देत होता. खटक. खटक. खटक. खटक. आवाज थांबेचना.

"काका, मशीनगन चालवून राहिले काय!" मुलगा ओरडला.

मागून कोणी म्हणाले, "अरे, सरचा इतक्या वर्षांचा कोटा बाकी हाय ना. आजच पुरा करून राहिले!"

सगळी ओळ हसत सुटली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊ मात्र चिडले. "हसू नका रे. पह्यल्यांदा आले ते फोटोत. चुकन काहीतरी." त्यांनी माझी बाजू घेतली आणि त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

पत्नीचा तळवा माझ्या खिशावर घट्ट होता. तिने बाहेरूनच माझा हात दाबून धरला आणि आवाज थांबला.

"बटणच खराब हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "नवीन हाय ना, अटकून राह्यलं."

"हो," मी म्हणालो. "बटण अडकले."

उपकरणाला नाव ठेवण्याआधी आपली रीत तपासा, असे मी मुलांना सांगत असे. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याची आई त्या ओळीत उभी होती.

"मग मी काढू का एक, काका? हातानेच," मुलाने विचारले.

"गरज नाही. आले आहे," मी जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणालो आणि तिपाईकडे गेलो. तिपाईचे पाय मिटताना मी लोकांकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी चित्रे संगणकावर उतरवली आणि उलट्या क्रमाने पाहू लागलो. शेवटच्या चित्रांत नुसते हसू होते. वळलेल्या माना, मिटलेले डोळे, मुलाचे वर गेलेले हात. त्यांतले एकही देण्याजोगे नव्हते. मागे मागे जात पहिल्या चित्रापर्यंत आलो. ते निर्दोष होते. मुनग्याचे झाड शेंड्यापर्यंत आलेले, भिंतीवरचा फिकट चौकोन, भाऊंची वर उचललेली हनुवटी, सगळ्यांचे डोळे समोर. सगळे स्पष्ट, एकही रेघ नाही. फक्त मध्यभागी, माझ्या खिशावर, पत्नीचा तळवा.

मी ते चित्र बराच वेळ पाहत राहिलो. काल मला तिचा हात जाणवला होता आणि तो आवाज सुरू झाल्यावर आला, असे मी धरून चाललो होतो. पण हे पहिले चित्र होते. ते काढले गेले तेव्हा एकही खटका झालेला नव्हता, कोणी हसलेले नव्हते. म्हणजे आवाज ऐकून तिचा हात आला नव्हता. काय होणार हे तिला आधीच माहीत होते.

ती मागे येऊन उभी राहिली होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी वळून न पाहता विचारले.

"काय?"

"हात."

तिने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुमी बशी घेणं सोडलं, तवापासून. बशीत कप वाजून राह्यला होता तुमचा."

"म्हणजे चहा..."

"मंग काय! म्हणून तं कप अर्धा भरून राह्यली मी. अन् तुमी पाहुण्यांसमोर मले कंजूस केलं."

"मला सांगितले का नाहीस?"

"तुमी सांगितलं काय मले? चष्म्याचा नंबर पाहाले गेल्ते ना?"

ती हे रागाने म्हणाली असती, तर मला सोपे गेले असते. ती हसत होती. तिचा तळवा चित्रातून मिटवता येतो. बाजूच्या सदऱ्याचे कापड उचलून त्यावर पसरायचे, थोड्या चिकाटीचे काम आहे. मी तो भाग मोठा करून बाण तिथपर्यंत नेलाही. पडद्यावर बाण थरथरत होता. ती पाहत होती. मी चित्र होते तसे ठेवून छपाईला पाठवले.

चौकट तयार झाल्यावर आम्ही दोघे नेहरू नगरला गेलो. भाऊंचे नवे घर हायवेपासून आत, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या रांगेमागे आहे. बैठकीत अजून खोकी होती. भाऊंनी चौकट दोन्ही हातांनी घेतली, दिव्याखाली नेली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत पाहिली. झाडावर बोट जरा जास्त वेळ राहिले. मग आमच्यापाशी आले.

"वहिनीनं तं सरले धरूनच ठेवलं. नाही तं पळून गेले असते," ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. तिथेच हे संपू शकले असते.

पण त्यांच्या पत्नींनी चहा आणला. नव्या घरातला पहिला पाहुणचार म्हणून कप काठोकाठ भरलेले, बशांसकट. माझ्यासमोर बशी आली. ती घेतली असती तर वाजली असती, न घेतली असती तर उद्धटपणा झाला असता. मी हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिलो. पत्नीने माझ्यापुढची बशी स्वतः घेतली, कपातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला आणि अर्धा कप माझ्या दोन्ही हातांत दिला. रोजचेच काम करावे तसे. कोणाकडे न पाहता.

भाऊंनी ते पाहिले. आयुष्यभर तापलेल्या लोखंडाजवळ काम केलेला माणूस, नजर कोरडी ठेवायची सवय असलेला. ते काही विचारणार नव्हते, हे मला कळत होते. म्हणूनच मला बोलावे लागले.

"भाऊ, माझा हात थरथरतो. काम करताना. बरेच दिवस झाले."

"मंग त्या दिवशी बटण..."

"बटण चांगले होते. हात वाईट होता. हात दिसू नये म्हणूनच ते घेतले होते."

त्यांनी चौकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. जे मी सांगितले होते, त्याच्या मागचे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"मले वाटलं, तुमी माह्यासाठी आले फोटोत," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. एखादी वस्तू जिथे ठेवली होती तिथे नाही असे दिसल्यावर माणूस बोलतो, तसे ते बोलले. वर्गात उत्तर ठाऊक नसेल तर मी मुलांना सरळ सांगत असे, की मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो. इथे तसेही म्हणता येत नव्हते. पत्नी बशीतला चहा फुंकत होती, ती थांबली.

भाऊ उठले. खोक्यातून हातोडी काढली आणि खुर्चीवर चढले. बैठकीच्या मुख्य भिंतीवर, दारातून येताच नजर पडेल अशा जागी त्यांनी खिळा ठोकला आणि चौकट टांगली. खुर्चीवरूनच, मागे न वळता, त्यांनी विचारले, "सर, सरळ हाय काय पाहा. डोळे तं चांगले हायत ना? नंबर तपासून आले होते म्हणते वहिनी."

चष्म्याची ती गोष्ट पत्नीने त्यांच्या पत्नीला आधीच सांगितलेली असावी. बायका हसल्या. मी उभा राहिलो, दोन पावले मागे गेलो आणि हात पाठीमागे बांधून पाहिले.

"डावी बाजू किंचित वर घ्या."

त्यांनी घेतली.

"जास्त झाली. थोडी खाली. बस, आता सोडा."

चौकट आता छताच्या कडेला समांतर होती. तिच्यात मी भाऊंच्या बाजूला किंचित झुकलेला दिसतो, त्यांचा हात माझ्या पाठीमागे गेलेला आहे आणि माझा चेहरा, मी इतर कुठल्याही चित्रात नसल्यामुळे तुलना करता येत नाही, पण एखाद्याच्या बोलण्याने भारावलेल्या माणसासारखा आहे. त्या घरात येणाऱ्या कोणालाही वाटेल, की हा मनुष्य शेजाऱ्यासाठीच तिथे येऊन उभा राहिला. भाऊ खुर्चीवरून उतरले आणि माझ्या बाजूला उभे राहून तेही पाहू लागले. त्यांना आता काय दिसत होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.